सात वर्षांवरील सर्वांसाठी

बिस्किटांच्या कारखान्यात माल तपासून तपासून त्याचा कुठल्याच लेबलावर विश्वास उरला नव्हता. त्यामुळे नऊ वर्षांच्या लेकीने मैत्रिणीला सिनेमा बघायला घरी बोलावलं, तेव्हा त्याने आधी सिनेमाचं लेबल वाचलं. सात वर्षांवरील मुलांसाठी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘भावनिक प्रसंग’.

“भावनिक म्हणजे नेमकं काय?” त्याने बायकोला विचारलं.

“रडू येतं. अजून काय असणार?”

रडू येतं म्हणून कोणी इशारा छापतं होय? त्याच्या मनात पाल चुकचुकली. बायको कामाला गेली आणि हा रिमोट घेऊन पोरींच्या मधोमध बसला.

सिनेमा एका दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. वादळात एक शिक्षिका भिजून त्याच्या दारात आली. त्याने तिला आत घेतलं आणि दार लावलं. ह्याने झटकन सिनेमा पुढे पळवला. मग रखवालदाराने सुरी उचलली. पुन्हा पुढे. पोरी कुरकुरल्या, पण ह्याने दाद दिली नाही. शेवटी रखवालदार रडत रडत अंगणात खड्डा खणताना दिसला आणि सिनेमा संपला. पोरी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मोठं संकट परतवल्याच्या समाधानात हा चहा टाकायला उठला.

मैत्रीण घरी गेली आणि संध्याकाळी तिची आई दारात उभी. ती दातांची डॉक्टर, आवाज अगदी शांत.

“माणूस बाईला घरात घेतो, भोसकतो आणि अंगणात पुरतो. लहान मुलींना हे दाखवता तुम्ही?”

तसं काहीच नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. मग काय आहे, असं तिने विचारल्यावर मात्र तो डोकं खाजवू लागला. मधलं त्यानेही पाहिलं नव्हतं.

बायको कामावरून आली होती. तिने दोघांना बसवून सिनेमा पहिल्यापासून लावला. दार लागताच ह्याचा अंगठा रिमोटकडे वळला. बायकोने रिमोट काढून घेतला. शिक्षिकेच्या शालीत एक म्हातारं, आजारी कुत्रं होतं. सुरी पाव कापायला होती. वादळ ओसरल्यावर शिक्षिका कुत्र्याला रखवालदाराकडे सोपवून शाळेत गेली. खड्डा त्या कुत्र्यासाठी होता. तोवर हा हुंदके देत होता. डॉक्टरीणबाईही डोळे पुसत उठल्या, हसल्या, निघाल्या. गैरसमज मिटला, असं त्याला वाटलं.

पुढच्या वेळी मैत्रिणीला बोलावलं, तेव्हा तिच्या आईचा फोन आला. त्याने सिनेमाचं वय, इशारे, सगळं तोंडपाठ ठेवलं होतं.

“सिनेमा कुठलाही चालेल,” ती म्हणाली. “तुम्ही घरी असणार का, तेवढं सांगा.”