उल्हासरावांचं परस्थान

“अमावास्येला निघणं टळतच नसेल, तर आदल्या दिवशी परस्थान ठेवावं. वाटेत लागणारी एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवली, की प्रवास तेव्हाच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी जाताजाता ती उचलायची. मागं मात्र फिरायचं नाही.”

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी भानुमतीबाईंचा हा आवाज कालिंदीच्या कानातून गेला नव्हता. म्हणून कंपनीच्या जर्मन इंजिनिअरचं तिकीट नेमकं अमावास्येच्या मंगळवारचं आलं, तेव्हा तिला काय करायचं ते विचारावं लागलं नाही.

दिवस बदलणं शक्यच नव्हतं. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला उलरिख, कामगारांच्या तोंडी उल्हासराव, काम लांबल्यामुळे फार राहून गेला होता, आणि बिनकराच्या मुक्कामाचे त्याचे दिवस मंगळवारीच संपत होते. मंगळवारी रात्री बाराच्या आत त्याच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला नाही, तर आयकराच्या लेखी तो इथलाच रहिवासी ठरणार होता. मग त्याच्या पगारावर इथला कर, तिकडे विम्याचा घोळ आणि दोन्ही देशांची नोटिसांची पाकिटं. कंपनीचे पुण्याचे कर-सल्लागार हेमचंद्र सबनीस यांनी तिला फोनवर बजावून ठेवलं होतं.

“समजा तो दिवसभर नुसता झोपून राहिला तर?” तिनं विचारलं होतं.

“झोपला तरी मोजतात. बाई, इथं काम नाही मोजत. नुसतं असणं मोजतात.”

जर्मनीतल्या मुख्य ऑफिसनं त्याहून थोडक्यात कळवलं होतं. असा घोळ झाला, तर गारखेड्याचं ऑफिस बंद करून काम पुण्याच्या एजन्सीला देण्यात येईल. गारखेड्याचं ऑफिस म्हणजे कालिंदी, दोन टेबलं आणि संकष्टीला मोदकाचा वास येणारा एक डबा. नोकरी गेली असती तर तिच्या घरातली चूलही थंडावली असती.

सोमवारी तिनं उलरिखला परस्थानाची पद्धत समजावून सांगितली. त्याला ती फार आवडली. प्रवास आधी सुरू करून माणसानं मागाहून निघायचं, ही सोय त्यांच्याकडे नाही म्हणाला. पिशवीत काय घालायचं, असं त्यानं विचारलं. कालिंदी म्हणाली, ज्याच्यावाचून अडेल असं काहीही चालेल. तिच्या मनात टॉवेल होता. सासूबाई टॉवेलच ठेवायच्या. उलरिख मात्र पद्धतशीर माणूस. खोलीत जाऊन त्यानं नीट विचार केला, आणि सुपारी, हळकुंड अन् सपातांच्या जोडीला पिशवीत पासपोर्ट घातला. पिशवी मागच्या गल्लीत मेस चालवणाऱ्या सरूबाईंकडे गेली.

मंगळवारी सकाळी कंपनीच्या ड्रायव्हरनं, रामकिसननं, गाडी काढली. विमान संध्याकाळचं, पण कालिंदीला घाई. सरूबाईंच्या दाराला भलंमोठं कुलूप. तेवढ्यात उलरिखनं पिशवीत काय आहे ते शांतपणे सांगितलं, आणि कालिंदी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. रामकिसननं फोन लावून तिच्या हातात दिला.

“म्या तं कन्नडच्या यष्टीत बसले,” सरूबाई म्हणाल्या. “बहिणीच्या नातवाचं बारसं हाय.”

“आणि पिशवी? आत आहे का?”

“आत कशी ठिवू? परस्थानाची वस्तू कुलपात कोंडली, तं माणूस बी कोंडून पडतंय. संगट आणली. जरा चालती राह्यली म्हंजे साहेबाचा प्रवास लई बेस होईन.”

एवढं बोलणं झालं आणि फोन बंद पडला. चार्जिंग संपलं असावं. बाईंनी पिशवीची काळजी घेण्यात काही कमी ठेवली नव्हती.

विमानतळ पूर्वेला, कन्नड त्याच्या नेमकं उलट. गाडी उलट्या दिशेनं निघाली. दौलताबादचा घाट चढताना सबनीसांचा फोन आला, साहेब निघाले का? कालिंदी खोटं बोलत नसे, म्हणून म्हणाली, “हो, कालच निघाले.” सबनीसांनी समाधानानं फोन ठेवला.

खुलताबादच्या फाट्यावर तिनं डोळे मिटले. पिशवी वेळेत मिळू दे, घरापासून अनवाणी चालत तुझ्या पायाशी येईन, असं ती भद्रा मारुतीला पुटपुटली. उलरिखनं विचारलं, काय बोललात. तिनं सांगितलं. त्यानंही हात जोडले, आणि पासपोर्ट माझा आहे तर चालायला मीही पाहिजे, असं म्हणून मोकळा झाला.

कन्नडला बारशाच्या मांडवात सरूबाईंची बहीण वाट पाहत होती, पण सरूबाईंची नव्हे, या तिघांचीच. “सरू आलती की. पिशवीत पासपोटाचं बुक दिसलं तिला. साहेबाचा जीव पिशवीत अडकला म्हन्ली, अन् पाळन्याला हात लावून लगीच जीपनं माघारी गेली.” सुंठवडा खाल्ल्याशिवाय मात्र तिनं कुणाला उठू दिलं नाही. बाळाच्या मांडीवर ठेवायला उलरिखकडे काही नव्हतं, त्यानं आपला पेन ठेवला.

आता मागं फिरायचं. जे करायचं नव्हतं नेमकं तेच. वेरूळ गेलं. जीप कुठंच दिसेना. सरूबाई गारखेड्यात कुलूप उघडून, यांना न पाहून पुन्हा कन्नडला निघाल्या असतील, असं रामकिसननं बोलून दाखवलं.

खुलताबादच्या फाट्याशी एक जीप चाक काढून उभी होती. रामकिसननं काही न विचारता गाडी देवळाकडे वळवली. सभामंडपात खांबाला टेकून सरूबाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

“चाक बसलं,” त्या म्हणाल्या. “म्हन्लं, तवर मारुतीला टेकवून आणावी.”

विमान मिळालं. विमानतळाच्या दारात उलरिखनं पिशवीतल्या सपाता पायात चढवल्या आणि आपले भलेथोरले बूट कालिंदीच्या हातात दिले. आयकराचं नवीन वर्ष लागून दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, की मी येईन म्हणाला. तोवर हे माझं परस्थान. नवसाला उशीर नको, यांना पुढं घेऊन जा. कालिंदीनं नेईन म्हणून शब्द दिला.

पुढच्या विमानतळावर मध्यरात्रीच्या आत शिक्का बसला. ऑफिस वाचलं. पण शुक्रवारी सबनीसांचा पुन्हा फोन आला, फाइल बंद करण्यापूर्वी एक शेवटचा प्रश्न घेऊन.

“इथं त्याच्यासाठी राखून ठेवलेलं घर, सामान, असं काही नाही ना?”

“बूट आहेत. माझ्या घरी.”



“कशासाठी?”

“तो परत यायचाय म्हणून.”

“बाई, हेच मला कुठं लिहायचं नाहीये,” सबनीस थकल्या आवाजात म्हणाले. “त्या बुटांचं काहीही करा, पण एका जागी मुक्कामाला ठेवू नका.”

शनिवारी उजाडायच्या सुमाराला कालिंदीनं देवापाशी दिवा लावला, उपासाची राजगिऱ्याची वडी पदरात बांधली आणि दाराला कडी घातली. मग अनवाणी पायांनी, काखेत उल्हासरावांचे बूट धरून, ती खुलताबादच्या रस्त्याला लागली.