दहा वर्षं टिकतील असे बूट

मी बुटांना मारते, हे बाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तसं पाहिलं तर काही न सांगण्यासाठी मला वेगळं ठरवावं लागत नाही. आत्या मला मुकीच म्हणते. पण या बाबतीत मी मुद्दाम गप्प राहिले, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

आधी बुटांचं सांगते. मी बॅले शिकते. त्यात पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभं राहायचं असतं आणि त्यासाठी खास बूट असतात. बाहेरून गुळगुळीत साटीन, पुढचं टोक खळीनं कडक केलेलं, तळव्याला आतून एक ताठ पट्टी. नवे असताना ते इतके ताठ असतात की पाय बुटाचं ऐकतो, बूट पायाचं ऐकत नाही. म्हणून नवा बूट आधी मोडून घ्यावा लागतो. पट्टी वाकवायची, टोक हातोडीनं ठोकून नरम करायचं, तळवा सुरीनं खरवडायचा आणि टोकावरचं साटीन कापून टाकायचं. असा बूट पाहिला की वाटतं, कुत्र्यानं पळवला होता आणि त्यालाही आवडला नाही. पण तो माझ्या पायाचा झालेला असतो.

आणि माझे बाबा बूट दुरुस्त करतात. (हे आधी सांगायला हवं होतं. पण मला सगळंच उशिरा सांगायची सवय आहे.)

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं एका खिडकीचं दुकान आहे. आलेला बूट ते हातात घेऊन उलटसुलट करतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "काय केलंत याला?" डॉक्टर विचारतात तसंच, फक्त जास्त दुःखानं. आमच्या घरी दाराशी चपला भिरकावायची कुणाची हिंमत नाही. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत बाबा बाहेर जाऊन त्यांच्या चपलांच्या टाचा तपासून आलेले असतात.

आई होती तेव्हा बूट मोडायचं काम आम्ही दोघी करायचो, बाबा दुकानात असताना. आईची एक युक्ती होती. स्वयंपाकघराच्या दाराला बिजागराच्या बाजूनं जी फट असते, तिच्यात मी बूट धरायचा आणि आईनं दार लोटायचं. कटकन आवाज झाला की आई म्हणायची, "झाला. बाबांना दाखवू नकोस हं, रडतील." ते बिजागर दर दोन महिन्यांनी ढिलं व्हायचं आणि बाबा ते न कुरकुरता परत बसवायचे. लाकूडच कच्चं आहे, असं त्यांचं मत होतं.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून बिजागर एकदाही ढिलं झालं नाही. एकटीला बूट धरायचा आणि दार लोटायचं जमत नाही, म्हणून मी बाबांचीच एक जुनी हातोडी वापरते.

यंदाची स्पर्धा पुढे नाचच करायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी होती. पंधरा वर्षांपर्यंतच्या गटातून दोघांना मोठ्या नृत्यशाळेत राहून शिकायला जागा मिळणार होती. पुढच्या महिन्यात मी सोळा वर्षांची होणार होते, म्हणजे माझ्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी. आमच्या नाचाच्या बाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी अर्ज माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "भर." एवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

अर्जावर पालकांची सही हवी होती. तो मी शाळेच्या सहलीच्या आणि दाततपासणीच्या कागदांमध्ये सरकवून बाबांपुढे ठेवला. त्यांनी तिन्ही कागदांवर सही केली आणि कागद परत दिले. मला वाटलं, त्यांनी वाचलंच नाही. (आमच्या घरात गप्प बसणं कुणाकडून आलंय, हे मी विसरले.)

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मी शाळेतून घरी आले तर खिडकीत वाळत ठेवलेले बूट नव्हते. पंधरा दिवस राबून मी त्यांना बरोबर हवे तेवढे मोडले होते. डावा जरा जास्त, कारण माझ्या गिरक्या डाव्या पायावर असतात.

आत्या गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे बाबा घेऊन गेले. सकाळपासून बघत होते त्यांच्याकडे. म्हणाले, पोरगी उद्या एवढ्या लोकांत या चिंध्या घालून जाणार होती आणि आपल्याला एका शब्दानं बोलली नाही."

मी बाजारापर्यंत धावत गेले. बूट दुकानाच्या खिडकीत, दर्शनी भागात ठेवलेले होते. आधी मी ओळखलेच नाहीत. कापलेल्या टोकांवर नवं साटीन इतकं सुबक शिवलं होतं की टाका दिसत नव्हता. टोकाखाली रबराची टोपी होती. आतली वाकलेली पट्टी काढून टाकून तिथे जाड चामड्याची नवी पट्टी बसवली होती, डिंकानं आणि वर बारीक खिळ्यांनी. मी वाकवून पाहिली. ती पट्टी बाबांसारखीच होती, तिला वाकणं माहीत नव्हतं.

"आता दहा वर्षं हलायचे नाहीत," बाबा म्हणाले.

त्यांच्या मागे एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मुलीच्या स्पर्धेमुळे उद्या दुकान बंद.' बाबांनी दुकान याआधी एकदाच बंद ठेवलं होतं. तेव्हा पुठ्ठ्यावर काय लिहायचं ते त्यांना सुचलं नव्हतं, नुसताच पुठ्ठा लावला होता.

मी म्हणाले, "छान झालेत." याहून मोठं खोटं मी आजवर बोललेले नाही, आणि याहून छोटंही.

संध्याकाळी बाबा भाजी आणायला गेल्यावर मी डावा बूट दाराच्या फटीत अडकवला आणि पाठीनं दार लोटलं. कटकन आवाज झाला. बिजागर निखळलं होतं. बूट जसाच्या तसा. जुना जोड आठवला, पण त्यातला एक पार लोळागोळा झाला होता आणि दुसऱ्यात आत्या सुया टोचून ठेवते. बाबा आले, दाराकडे बघून म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी निघालं." मग स्क्रू शोधू लागले. तेव्हा मी सांगू शकले असते. मी त्यांना बॅटरी धरून दिली.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर एकतिसावा होता. हॉलच्या मागच्या जिन्यात बसून मी डावा बूट पायरीवर आपटू लागले. मग पाय देऊन त्यावर उभी राहिले. मग हातोडी. शेजारी दोन मुली वेणी घालत होत्या, त्या हळूच सरकून वरच्या पायरीवर गेल्या. पायरीचा एक टवका उडाला, बुटाला काहीही झालं नाही. बाबांच्या हाताला तोड नाही, हे मी त्या दिवशी शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध केलं.

तेवढ्यात जिन्यात सावली पडली. बाबा पाण्याची बाटली घेऊन उभे होते. माझा हात हातोडीसकट वरच राहिला.

"काय केलंस याला?" त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकांना विचारतात तसंच.

मग मी सगळं सांगितलं. वर्षभराचं बोलणं मी दोन मिनिटांत बोलले असेन. ते मोडलेलेच लागतात, मी मुद्दाम मोडले होते, दरवेळी मोडते, आई आणि मी दोघी मोडायचो.

बाबा खालच्या पायरीवर बसले. "मग काल का नाही बोललीस?"

"आई म्हणाली होती, तुम्ही रडाल."

शर्टाच्या खिशातून त्यांनी चामडं कापायची रापी काढली (ती ते लग्नालाही नेतात) आणि उजवा बूट मांडीवर घेतला. एकेक खिळा उपसला, शिवण उसवली, पट्टी उचकटून पातळ केली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बूट मोडताना पाहत होते. ते रडले नाहीत. पण नाक मात्र दोनदा ओढलं आणि म्हणाले, "डिंकाचा वास आहे."

उजवा झाला. डावा हातात घेतला आणि तीस नंबरचं संगीत संपलं.

म्हणून मी एक नरम आणि एक दहा वर्षं न हलणारा, असे दोन बूट घालून स्टेजवर गेले. सुरुवात बरी झाली. मग डाव्या टोकावर तोल सांभाळून क्षणभर थांबायचं होतं. मी थांबले. पट्टी वाकेना, त्यामुळे खाली उतरता येईना. मी थांबूनच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते कौशल्य वाटलं. शेवटी मी उडी मारून उतरले, झाडावरून उतरतात तशी.

त्यानंतर तीन गिरक्या होत्या. बाबांचं रबर फार चांगल्या प्रतीचं असतं. अडीच गिरक्या झाल्यावर त्यानं जमीन धरली ती धरली. पाय थांबला, बाकीची मी पुढे गेले. मी गुडघ्यांवर पडले, तोंड मागच्या पडद्याकडे आणि तळवे परीक्षकांकडे. संगीत संपलं. उठून मी वाकून नमस्कार केला, तोही गडबडीत पडद्यालाच.

जागा दुसऱ्या दोघींना मिळाल्या. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, तेव्हा मला कळलं की खरंच संपलं.

घरी येताना पिशवी बाबांच्या हातात होती. बस-थांब्याजवळ ते म्हणाले, "माझ्यामुळे गेलं तुझं."

"मी सांगितलं नाही, म्हणून गेलं," मी म्हणाले. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. दोघांनाही. बस आली.

आत्यानं आमचे चेहरे पाहिले. ताटं वाढली, आणि गेली दीड वर्षं ती जे करते तेच केलं, आधी एक ताट जास्त घेतलं आणि परत ठेवलं. जेवण झाल्यावर बाबांनी पिशवीतून डावा बूट काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"तुम्ही दोघी हे कसं करायचात?"

मी फटीत बूट धरला. बाबांनी दार लोटलं. कटकन आवाज झाला, बिजागर पुन्हा निखळलं आणि दार बाबांच्या अंगावर आलं. ते दोन्ही हातांनी धरून बाबा उभे राहिले.

"म्हणजे लाकूड चांगलं होतं," ते म्हणाले. आणि तेव्हा मात्र आईचं म्हणणं खरं ठरलं. मी दार धरू लागले, म्हणजे आम्हा दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसणार नाही.

आठवड्यानं परीक्षकांचा शेऱ्याचा कागद आला. वर माझं नाव आणि खाली दोनच ओळी. पहिली ओळ होती, 'तंत्रावर ताबा नाही, प्रवेशासाठी विचार करता येत नाही.' दुसरी कडेला बसलेल्या एखाद्या परीक्षकांची असावी, त्यांना फक्त माझे तळवेच दिसले असतील. 'पादत्राणांची निगा वाखाणण्याजोगी.'

तो कागद बाबांनी दुकानाच्या खिडकीत काचेमागे लावला आहे. पहिली ओळ आत जाईल अशी घडी घातली आहे, इतकी सफाईदार की शिवण दिसत नाही. गिऱ्हाइकं माझं नाव वाचतात, खालची ओळ वाचतात आणि विचारतात, मुलगीही हेच काम शिकली वाटतं.

"शिकतेय," बाबा म्हणतात. "पण हात जड आहे तिचा. मोडते फार."