कंपनीत कुत्रा आहे, काका नाही!

"आई, आज अकरा वाजता तुह्या पोराचं नशीब फळफळून राहिलं, लिहून ठेव!" चंद्रकुमारने सकाळी उठल्याउठल्या जाहीर करून टाकलं. कुंताबाईंनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांचे हात कणकेत होते.

चंद्रकुमार म्हणजे शहापूरचा पहिला स्टार्टअपवाला. असं तो स्वतःच सांगायचा, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. ॲपमधलं बटण गोल असावं की चौकोनी, यावर पुण्यात पगार खाऊन तो गावी परतला होता. इथे मधल्या खोलीत बसून त्याने 'रोवणा' नावाचं ॲप काढलं. धानाच्या रोवणीला बाया मिळत नाहीत, सगळ्या गावाची धावाधाव होते. तर मोबाईलवरूनच बायांची टोळी बोलवा! कल्पना झकास होती. ॲप अजून धानाच्या एकाही बांधीपर्यंत, म्हणजे खाचरापर्यंत, पोहोचलं नव्हतं, पण त्याच्या लोगोचा रंग दर आठवड्याला बदलत होता.

आज नागपूरची एक संस्था ऑनलाइन मुलाखत घेणार होती. पसंत पडलं तर नागपुरात ऑफिस, मार्गदर्शन, भांडवल, सगळं. आणि नाही पडलं तर? तर महामार्गावर वडिलांचं, ताराचंदजींचं, कृषी केंद्र होतंच.

"हे शेवटचं," ताराचंदजींनी बजावलं होतं. "जमलं तं खुशाल जा नागपूरले. नाही जमलं तं उद्यापासून दुकानातल्या स्टुलावर बसायचं. युरियाले लोगो लागत नाही!"



कंपनीत त्याचा एकच भागीदार, निकेश. निकेशचं फाट्यावर फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस असो, निवडणूक असो, कोणी नवा ट्रॅक्टर घेवो, फ्लेक्स निकेशचाच. धंद्यातला त्याचा नियम एकच: कोणी फोटो पाठवला की तो लावायचा. नाही म्हटलं की गिऱ्हाईक गेलं आणि जन्माचं वैर आलं.

अशा या निकेशला चंद्रकुमारने पुण्याची विद्या शिकवली होती. "आता पेनड्राइव्ह घेऊन धावायचं नाही, भाऊ. फाइल इंटरनेटवर. तू दुकानातून काही बदललं, का मले घरी त्याच क्षणी दिसते! याले म्हणतेत कोलॅबोरेशन!"

सादरीकरणातलं 'आमची टीम' हे पान चंद्रकुमारचं विशेष लाडकं. त्यावर तीन गोल फोटो. पहिला चंद्रकुमार, दुसरा निकेश आणि तिसरा शेरू, घरचा कुत्रा. हुद्दा, चीफ हॅपिनेस ऑफिसर! पुण्यात म्हणे अशीच फॅशन आहे. ते पान त्याने सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, "फीडबॅक द्या," आणि मुलाखतीसाठी फोन सायलेंट करून लॅपटॉपला इंटरनेट द्यायला ठेवला. बिचारा!

आता आपल्याकडे एका पानावर माणसांचे फोटो लावले की तो फ्लेक्स झाला. आणि घरच्या फ्लेक्सवर ज्याचा फोटो नाही, त्याला भाऊबंदकीतून वगळलं असाच अर्थ होतो. भोजराज काकाजींनी ते पान पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि निकेशला फोन लावला.

"कंपनीत कुत्रा हाय, काका नाही? त्या पोट्ट्याले खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली मी! शेरूनं दाखवली का?"

निकेशने नियमाप्रमाणे फोटो मागवला आणि लावला. काकाजी खूश! त्यांनी ते नवं पान ताबडतोब ग्रुपवर टाकलं. मग काय, निकेशच्या फोनवर फोटोंचा पाऊस सुरू झाला.

इकडे अकरा वाजले होते. पडद्यावर संस्थेच्या कामिनी मॅडम आल्या. गंभीर चेहरा, हातात पेन. चंद्रकुमारने पाठ केलेलं भाषण धडाधड म्हटलं आणि ऐटीत 'आमची टीम' उघडली. तीच फाइल, तीच इंटरनेटवरची! शेरूच्या शेजारी गॉगल लावलेले भोजराज काकाजी ट्रॅक्टरला टेकून उभे होते. खाली लिहिलं होतं, 'आधारस्तंभ'.

 तेवढ्यात टपकन अजून एक गोल उमटला. ललिता आत्या, 'मार्गदर्शक'!

"तुम्ही तर अर्जात टीम दोघांची लिहिली होती," मॅडम म्हणाल्या.

खरं सांगून मोकळं व्हायची हीच वेळ होती. पण पुण्याचं पाणी प्यायलेला माणूस खरं कशाला सांगेल?

"मॅडम, आम्ही स्केल करून राहिलो!"

"आत्ता? बोलताबोलता?"

"फार वेगानं, मॅडम!"

टप! बपेऱ्याचे मामाजी, फेटा बांधलेले. टप! मामाजींचे जावई, 'भावी सरपंच'. टप! वाढदिवसाचा मुकुट घातलेलं, तोंडाला केक फासलेलं एक बाळ.

"आणि ही कोण?"

"ही... ही इंटर्न आहे, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पान आता गच्च भरलं होतं. गोल एकमेकांवर चढायला लागले, मग सगळे एकदम लहान झाले. दुकानात बसून निकेश जागा करत होता, हे चंद्रकुमारला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. कारण लॅपटॉपला इंटरनेट होतं त्याच फोनचं. फोन लावायला जावं तर मॅडमच गायब व्हायच्या!

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. बराच वेळ त्यांनी एकेक चेहरा पाहिला.

"चंद्रकुमार, टीम मोठी आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"मी काय, पहिलाच, वरती डावीकडे..."

वर डावीकडे ललिता आत्या हसत होत्या. त्याने उजवीकडे पाहिलं, खाली पाहिलं. काकाजी होते, मामाजी होते, शेरू होता, इंटर्न होती. तो नव्हता!

"आई! माहा फोटो कोणं काढला?" सगळं भान सोडून तो ओरडला. माइक चालूच होता.

स्वयंपाकघरातून खणखणीत उत्तर आलं, "मीच सांगतलं निकेशले! त्याचा आता फोन आल्ता, काकू जागा पुरत नाही, कोणाचा काढू म्हणे. पाहुण्यायचा कसा काढावं, बापा? म्हटलं चंदूचा काढ. तो तं घरचाच होय!"

मॅडम तोंडावर रुमाल धरून बाजूला झाल्या. त्यांच्या खुर्चीची नुसती पाठ हलताना दिसत होती.

संध्याकाळी मेल आला. "तुमच्या टीममधली एकजूट आम्हाला मनापासून आवडली. मात्र संस्थापक नेमका कोण, हे स्पष्ट न झाल्यामुळे यंदा आपली निवड करता येत नाही." चंद्रकुमारला रडूच फुटायचं बाकी राहिलं. त्याने तो मेल मुद्दाम ग्रुपवर टाकला, म्हटलं, थोडी लाज वाटू दे सगळ्यांना. सगळ्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि एकमेकांचं अभिनंदन केलं. ललिता आत्यांनी तर पेढे वाटले.

पूर्ण मेल वाचला तो एकट्या ताराचंदजींनी.  सकाळी त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने दुकानातलं स्टूल तेवढं पुसून ठेवलं.

चंद्रकुमार त्यावर बसला न बसला तोच पहिलं गिऱ्हाईक आलं. भोजराज काकाजी! गॉगल लावूनच आले होते.

"चंदू?" ते चकित होऊन म्हणाले. "एवढी मोठी कंपनी आपली, अन् तू इथं काहून बसून राहिला गा? जाय, कामाले लाग! असं कसं चालन आपल्याले?"

कंपनीच्या आधारस्तंभाचा हुकूम! चंद्रकुमार उठला आणि युरियाची गोणी काढायला आत गेला.