तात्यासाहेबांच्या संगणकाचे राज्यांतर

श्रीगजाननचरणी दंडवत घालून, जैसे घडले तैसे, पदरचे न घालता लिहिले जाते. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, पौष मास. दिल्लीचे दक्षिणेस फरीदाबाद शहर, सेक्टर सोळा, दुसरा मजला, येथे राजश्री तात्यासाहेब चिंचणीकर यांचा मुक्काम होता. ट्रॅक्टरच्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीसाची चाकरी इमानेइतबारे करून ते निवृत्त जाहले आणि मग घरी राज्य करू लागले. राज्य म्हणजे बैठकीचे खोलीतील मेज आणि मेजावरील संगणक. बाकी सर्व मुलूख सौभाग्यवती विजयालक्ष्मीबाईसाहेबांचे अमलाखाली होता.

त्या संगणकात दहावी कार्यप्रणाली सुखाने नांदत होती. आश्विन मासी वरून फर्मान आले की, दहावीची मुदत सरली, आता अकरावी बसवून घ्यावी. न घेतल्यास चोराचिलटांपासून बंदोबस्ताची हमी आम्हांकडे नाही. हे फर्मान रोज सकाळी पडद्यावर हजर होई, आणि तात्यासाहेब 'नंतर आठवण करा' हे बटण दाबून त्यास माघारी धाडीत, आणि मग चहा घेत. ऐसे शहाण्णव दिवस चालले.

तात्यासाहेब भित्रे होते ऐसे कोणी समजू नये. कारण निराळे होते. बाईसाहेबांनी पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षे शिकविले, आणि दिल्लीत वाढलेली पोरे जे मराठी शब्द विसरतात त्यांचा कोश करावा ऐसे मनी धरून, दहा वर्षे खपून, एक हजार नऊशे बारा शब्द अर्थ-उदाहरणांसह त्याच संगणकात स्वहस्ते भरले. ते भरले मात्र जुन्या जमान्यातील एका मराठी टंकनाच्या प्रोग्रामात. अकरावीच्या अमलात तो प्रोग्राम जगेल की मरेल, हे छातीवर हात ठेवून सांगणारा कोणी मिळेना. आणि चार वर्षांमागे तात्यासाहेबांनी साफसफाईची मोहीम काढून जुन्या फायली उडविल्या, त्यांत कोशाचे काही शब्द कामी आले होते. बाईसाहेब रागावल्या नाहीत, बोलल्याच नाहीत. आठ दिवस घरात फक्त भांडी वाजत होती. ते आठ दिवस तात्यासाहेबांचे काळजात घर करून राहिले होते.

मग संक्रांत आली. मराठी मंडळाची बस करून तात्यासाहेब पानिपतास काला अंब येथे गेले, आणि थंडीत कानटोपी घालून व्याख्यान ऐकिले की, फौज शूर होती, परंतु रसद तुटली आणि घात जाहला. तात्यासाहेबांनी मान डोलविली, पूर्वजांस मुजरा केला आणि परतून दुसरे दिवशी पुन्हा तेच 'नंतर आठवण करा' दाबिले.

ही खबर नोएडास कन्या भक्ती इजला फोनवरून लागली. तिने पौष वद्य अमावास्या, रविवार, रोजी सकाळी मेट्रोने कूच केले आणि पिशवीत हार्ड डिस्क घेऊन ती फरीदाबादेस दाखल जाहली. तात्यासाहेबांनी दारातच मोर्चा बांधला.

"आज अमावास्या आहे," ऐसे फर्माविले.

"बाबा, यार, प्लीज!" भक्ती बोलली. "अपडेट बंद म्हणजे रसद बंद. बुधवारी पानिपतला काय ऐकून आलात?"

हा वार वर्मी लागला. तात्यासाहेब खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला, आणि मग पोटातले ओठावर आले. "तुझ्या आईचे शब्द गेले तर? एकदा माझ्या हातून साठ गेलेत."

"त्रेसष्ट," स्वयंपाकघरातून आवाज आला.

बाईसाहेब मेथी निवडता निवडता बाहेर आल्या. उभयतांत चार वर्षांनी हा विषय प्रथमच निघाला होता. बाईसाहेब बोलल्या, "तिथे राहून तरी कोण वाचतंय? निधीला मोबाइलवर पाठवले तर नुसते चौकोन दिसतात. नातीला वाचता येत नाही तर कोश कोणासाठी केला मी?" आणि हुकूम जाहला की, आधी शब्द बाहेर काढावे, मग अकरावी आजच बसवावी, आणि मेथीची जुडी तात्यांनी निवडावी.

मग धामधूम उडाली. भक्तीने शब्दांची नक्कल तीन ठिकाणी ठेविली आणि सर्व कोश मोबाइलासही वाचता येणाऱ्या आजकालच्या युनिकोड टंकात उतरविला. उतरविताना अक्षरांची पांगापांग जाहली. रफार आपली जागा सोडून शेजारच्याचे डोक्यावर चढले, आणि 'क्ष' ठिकठिकाणी फुटला. मग चौऱ्याऐंशी पाने छापून घेतली, ती बाईसाहेबांनी आणि तात्यासाहेबांनी तपासावी ऐसे ठरले. बाराचे सुमारास बाईसाहेबांनी स्वहस्ते बटण दाबिले आणि अकरावीने चढाई आरंभिली.

एकसष्ट टक्क्यांवर वीज गेली.

इन्व्हर्टर कण्हू लागला. तात्यासाहेबांचे अंगी चौतीस वर्षांची चाकरी संचारली. त्यांणी तत्काळ फ्रिज बंद करविला, दिवे मालविले, भक्तीचा चार्जर उपटला. वायफाय आणि संगणक एवढ्यांसच वीज द्यावी ऐसा सक्त हुकूम केला. हीटर तर विजेसंगेच निमाला होता. बाहेर दुपारीही धुके. उभयतां एकाच शालीत खिडकीपाशी बसली. बाईसाहेब छापील मजकूर मोठ्याने वाचीत आणि तात्यासाहेब लाल पेनाने चुकार रफार पकडून जागी बसवीत. 'अडगळ' या शब्दापुढे उदाहरण निघाले, 'तात्यांचे बंद पडलेले तीन रेडिओ.' तात्यासाहेबांनी ते खोडण्याचा अर्ज केला. अर्ज नामंजूर जाहला.

दोन पानांनंतर 'अबोला' आला. बाईसाहेब वाचता वाचता थांबल्या, म्हणोन तात्यासाहेबांनी छापील पानावर आपणच वाचिले : 'रुसून न बोलणे. उदा. शब्द गेले तेव्हा मी आठ दिवस अबोला धरला. राग पाचव्या दिवशीच गेला होता.'

"मग उरलेले तीन दिवस?" तात्यासाहेबांनी विचारिले.

"तुम्ही काही बोलाल म्हणून थांबले होते."

तात्यासाहेब बराच वेळ त्या ओळीवर पेन धरून राहिले. चूक एकही नव्हती. मग त्यांणी शाल बाईसाहेबांकडे जास्त ओढून दिली आणि पान उलटिले.

चार वाजून वीस मिनिटांनी अकरावी तख्तावर बसली. वीज त्यानंतर आली. एक हजार नऊशे बारा शब्द मोजून रुजू जाहले, एकही पडला नाही. प्रिंटरने नव्या सत्तेस मान देण्याचे नाकारिले, त्याची समजूत पुढे घालावी ऐसे ठरले. स्टार्टचे बटण कोपरा सोडून मध्यभागी गेले, याबद्दल तात्यासाहेबांची नाराजी नोंदविली आहे. निधीचे मोबाइलवर कोश पोचला आणि तिजकडून जासूद आला की, 'आजी, सगळं दिसतंय! चुकचुकणे मतलब?'

सांजवेळी भक्ती मेट्रोस गेली. मग तात्यासाहेबांनी परवानगी मागून, नव्या राज्यात, एका बोटाने, एक हजार नऊशे तेरावा शब्द लिहिला : 'दिलजमाइ'. बाईसाहेबांनी मागे उभे राहून तो तपासिला, शेवटची इ दीर्घ केली, आणि कोशात दाखल करून घेतला. मोहीम फत्ते जाहली.