जालिंदरआप्पांची उजवी बाही

पाण्याचा टँकर चालवून चालवून जालिंदरआप्पांचा उजवा हात काळाठिक्कर पडला होता आणि डावा मात्र नव्या नवरीसारखा गोरा. उजवा खिडकीत उन्हाला, डावा आत सावलीला. बायको होती तोवर ती यावरून हसायची. ती गेल्यावर तीन वर्षं त्या हातांकडं कुणी बघितलंच नाही.

होळीला मुलगी स्वप्ना पुण्याहून आली, तिनं हातावरचे चट्टे बघितले आणि सनस्क्रीनची ट्यूब दिली. "आप्पा, दर दोन तासांनी लावायची. घामानं, पाण्यानं जाते ती. तुम्ही विसरणार, म्हणून मीच फोन करत जाईन."

आणि खरंच करू लागली की. पूर्वी महिन्यातून एक फोन, आता दिवसातून चार.

"लावली का?"

"लावली गं."

"जेवलात का?"

जतच्या माळावर टँकर थांबवून आप्पा सावकाश मलम चोळत बसायचे. एवढं सुख त्या हाताला कधी मिळालं नव्हतं.

एके दिवशी घोटाळा झाला. बुळबुळीत हातातून पाइप निसटला आणि पाणी बॅरलऐवजी वस्तीवरच्या बनाबाईच्या बाजेवर वाळणाऱ्या कुरडयांवर गेलं.

"आवं आप्पा, कुरडयांचा परत चीक केलासा की. हाताला लोणी लावलंय व्हय?"

"उन्हाचं औषध हाय."

"त्यापरीस अंगभर कापड घाला."

दुसऱ्या दिवशी बनाबाईनं जाड कापडाची मनगटापर्यंत बाही आणून आप्पांच्या अर्ध्या शर्टाला टाचली. एकच, उजवी. तिला कुरडया वाचवायच्या होत्या, आप्पांना नव्हे.

बाही झकास निघाली. घामानं जाईना, पाण्यानं जाईना. आप्पांनी खुशीत लेकीला सगळं सांगितलं, आणि तिथंच माणूस फसला.

"छान झालं आप्पा. मग आता सारखा फोन नको."

"व्हय. आता कशाला."

चार दिवस फोन वाजला नाही. बिघडला असेल म्हणून आप्पांनी तो बंद करून चालू केला. बिघडला नव्हता. त्यांना लय एकटं वाटलं.

पाचव्या दिवशी टँकरात बसून त्यांनी बाहीचे टाके एकेक करून उसवले आणि फोन लावला.

"स्वप्ना, बाही उसवली गं. क्रीम हाय, पर मी इसरतो."

"मीटिंगमध्ये आहे आप्पा. कुणाकडनं तरी दर दोन तासांचा गजर लावून घ्या ना."

बनाबाईच्या सुनेनं गजर लावून दिला. बरोबर दोन तासांनी, पाणी सोडताना, खिशात फोन वाजला.

"कुणाचा वो?" बनाबाईनं विचारलं.

आप्पांनी फोन कानाला लावला. "लावली गं," ते म्हणाले. "व्हय, जेवलो."