गुडघ्यापर्यंतची माणसं

शेवंताकाकूंच्या चित्रात कुणालाच तोंड नसतं. माणूस गुडघ्यापासून खाली सुरू होतो आणि चपलेवर संपतो. तरी पुंडलिकनगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कोण कोण आहे ते लगेच कळतं.

"तोंडं काय, सगळेच हसरी करून फिरतेत," काकू म्हणतात. "चपला बघा."

काकू मूळच्या पाचोड गावच्या. शिक्षण चौथी. काका गेल्यापासून तळमजल्यावर एकट्याच. रोज सकाळी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं चार चौकोन आखायचे, त्यांत बिल्डिंगमधल्या कुणाच्या तरी छंदाची फजिती काढायची आणि तो कागद स्वतःच्या दाराला बाहेरून चिकटवायचा, हा त्यांचा नेम.

माझ्यावरही चित्र निघालं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टाचा उंचावून उभ्या माझ्या सँडल, खाली बायकोच्या स्लिपर. "अहो, पुसून पुसून काच झिजंल." "झिजू दे. पुन्हा बी.कॉम. करतो."

मी तणतणत खाली गेलो. काकू म्हणाल्या, "खोटं काढलं असंल तर सांगा."

खोटं नव्हतंच. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. पदवी फ्रेम करून हॉलमध्ये टांगलीय, रोज पुसतो. पुसणारच.

मग चेअरमनसाहेबांची पाळी आली. निवृत्तीनंतर त्यांनी कराओकेचा माइक घेतला. दर रविवारी गच्चीवर मैफल. काकूंनी काढलं ते असं: पहिल्या चौकोनात साहेबांचे चकचकीत बूट आणि भोवती चपलांची गर्दी. दुसऱ्यात गर्दी निम्मी. तिसऱ्यात एकच जोड, तोही जिन्याकडं वळलेला. चौथ्यात नुसते बूट. वर लिहिलेलं, "आता फर्माईश कुणाची?"

साहेबांनी कागद टराटरा फाडला आणि गच्चीवर मीटिंग बोलावली.

"ही सुशिक्षितांची सोसायटी आहे. चौथी पास बाईनं आमची इज्जत काढायची? आधी माफी मागा. यापुढं कागद मला दाखवायचा, मगच लिफ्टजवळच्या बोर्डावर लावायचा. दारावर बंद!"

"माफी नाय," काकू म्हणाल्या. "अन् बोर्ड बी नाय. माझं दार, माझा कागद. खोटं काढलं असंल तर सांगा, साहेब. गेलते का नाय लोक उठून?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब लालबुंद झाले. "दार तुमचं असेल, पॅसेज सोसायटीचा आहे!"

मी उठलो. चौथीची गोष्ट मला झोंबली होती. "साहेब, माझी आई अंगठा लावायची. तिच्या जिवावर मी पदवीधर झालो. माझ्यासमोर कुणाची चौथी काढायची नाही. उद्या कागद फाडलात, तर परवा माझ्या दारावर लागेल."

"हमारे दरवाजे पे बी लगाओ, काकू," दुसऱ्या मजल्यावरच्या रुबिनाभाभी मागून म्हणाल्या. त्यांच्या शिलाई मशीनवर आतापर्यंत दोनदा निघालंय, आणि दोन्ही कागद त्यांनी मागून नेलेत.

ठराव काही झाला नाही. साहेब माइक उचलून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर नवा कागद होता. काकूंनी मला चहाला आत घेतलं आणि दार लावलं. मी म्हणालो, "काकू, आपण जिंकलो, ते बरंच झालं. पण खरं सांगू? बोर्ड चांगला होता. तिथं सगळेच थांबतात. तुमचं दार पार जिन्याखाली, कोपऱ्यात. एवढा हट्ट कशाला?"

बंद दाराला अगदी टेकून आतल्या बाजूनं एक खुर्ची ठेवलेली होती, वर गोधडीची घडी. कपबशी घेऊन काकू तिच्यावर बसल्या. कान दाराकडं.

पॅसेजमध्ये पावलं वाजली आणि थांबली. कुणीतरी पुटपुटत वाचत होतं. मग हसू ऐकू आलं, चांगलं मोकळं, पोटातून. दुसरं कुणी येऊन विचारू लागलं, "काय हो, आज कोण?"

कोण हसतंय बघावं म्हणून मी कडीला हात घातला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"नका," त्या कुजबुजल्या. "दार उघडलं की जातेत निघून."