एक हजार नऊशे पाच मीटर

तळ्याकाठच्या पाटीवर 'एक फेरा – २ कि.मी.' असं लिहिलेलं होतं, आणि तराजूला ते पटत नव्हतं.

"दोन म्हणजे किती?" त्यानं पहिल्याच सकाळी विचारलं.

"दोन म्हणजे दोन," पेंटर म्हणाला. ती पाटी बारा वर्षांपूर्वी त्यानंच रंगवलेली होती, त्यामुळे प्रश्न त्याला जरा लागलाच.

"तसं नाही. दोन पूर्णांक शून्य, की दोन पूर्णांक शून्य शून्य शून्य?"

पेंटरनं बूटवाल्या काकांकडे पाहिलं. काकांनी तराजूच्या पायांकडे पाहिलं. "बूट चावतोय का रे तुला?" त्यांनी मायेनं विचारलं. "बूट चावला की माणूस असं काहीबाही बोलतो."

तराजू हे नाव त्याला तिथेच पडलं. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. दुकानांतले काटे, कारखान्यांतल्या मोजपट्ट्या, दवाखान्यांतली तापमापकं त्याच्या टेबलावर यायची. तो ती तपासायचा आणि 'तपासले' असं छापलेलं हिरवं लेबल चिकटवायचा. शहरात येऊन त्याला सात महिने झाले होते. सुटीच्या दिवशी त्याच्याशी बोलणारं एकच कोणी होतं, ते म्हणजे इमारतीच्या लिफ्टमधला बाईचा आवाज. तो मजल्याचा आकडा सांगायचा. एकदा तो चुकला तेव्हा तराजूनं लेखी तक्रार केली होती.

मग एका सकाळी तळ्याभोवती एकटाच पळत असताना त्याच्या बुटाचा सोल सुटला. मागून येणाऱ्या काकांनी तो उचलला, त्याला हाताला धरून आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं, सोल चिकटवला आणि सांगितलं, "उद्या सहाला ये. एकट्यानं पळलं की सोलसुद्धा कंटाळतो."

असा तो चौथा झाला. काका आणि पेंटर हे दोन. तिसऱ्या हेडबाई. वय एकसष्ट, छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. मागल्या वर्षी त्या मॅरेथॉनमध्ये उतरल्या होत्या. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं, वेळ सहा तास. जो वेळेत बसणार नाही असं दिसेल त्याला मागून येणारी गाडी उचलते. धावणारे तिला उचलगाडी म्हणतात. बाईंना तिनं अडतिसाव्या किलोमीटरला उचललं.

"उचललं त्याचं काही नाही," बाई सांगायच्या. "पण गाडीत बसल्यावर त्या पोरानं मला केळं दिलं. सोलून."

हे 'सोलून' त्या अशा सुरात म्हणायच्या की ऐकणारा खाली बघायचा. यंदा त्यांना सहा तासांच्या आत शेवटची रेघ ओलांडायची होती. बाकी तिघांची तयारी होती, पण शर्यत खरी बाईंची होती.

तराजूला यात आपलं काम दिसलं. बाईंचा वेग काढायचा, तक्ता करायचा. पण तक्ता करायचा तर फेरा नक्की किती हे कळायला हवं. फोनवर भरवसा नव्हता. झाडांखाली ते गोंधळायचे. काकांचा फोन एक पूर्णांक त्र्याण्णव म्हणायचा, आणि पेंटरच्या फोनच्या मते तो अर्धा वेळ तळ्याच्या मधोमध पळत होता.

तेव्हा तराजूनं प्रयोगशाळेतून रस्ता मोजायचं चाक आणलं. एक वेढा म्हणजे बरोबर एक मीटर. दांड्यावर आकडे फिरतात. चाकावर हिरवं लेबल होतं आणि त्याची मुदत संपायला चार महिने होते. फक्त काठावरची रबराची पट्टी झिजून निघाली होती. काकांनी तिच्या जागी बुटाच्या सोलची पट्टी चिकटवून दिली, अशी घट्ट की चाक आणखी वीस वर्षं चालावं.

तराजू एका रविवारी कडेकडेनं, एकदाही न थांबता फेरा चालला आणि त्यानं निकाल जाहीर केला. "एक हजार नऊशे पाच मीटर. पाटी चूक आहे."

पेंटरनं कान खाजवला. काकांनी चाकाकडे बघितलं, मग तराजूच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा इतका उजळला होता की काका म्हणाले, "वा. तीन दशांशांपर्यंत. आमच्यात असा माणूस नव्हता."

पेंटर दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन आला आणि मुकाट्यानं पाटीवर 'एक फेरा – १.९०५ कि.मी.' असं लिहून गेला.

इथून पुढे जे झालं ते त्या पाटीमुळे झालं. आधी आले पाच फेरेवाले आजोबा. ते बारा वर्षं रोज पाच फेरे चालत होते आणि रोज दहा किलोमीटर चालतो असं सगळ्यांना सांगत होते. पाटीपुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"म्हणजे मी किती कमी चाललो?" त्यांनी तराजूला विचारलं.

दुसऱ्या कुणी 'जाऊ द्या हो आजोबा' म्हटलं असतं. तराजूनं वही काढली. "रोजचे चारशे पंचाहत्तर मीटर. बारा वर्षांत दोन हजार ब्याऐंशी किलोमीटर."

आजोबा त्या दिवसापासून रोज सहा फेरे घालू लागले. कुणी हाक मारली तर थांबायचे नाहीत. "मागचं भरून काढतोय," एवढंच म्हणायचे.

मग बाईंचा तक्ता झाला. त्यांचा फेरा सोळा मिनिटं पन्नास सेकंदांत व्हायचा. तराजूनं गणित करून त्यांच्यापुढे धरलं. या वेगानं मॅरेथॉन सहा तास तेरा मिनिटांत.

"तेरा मिनिटं जास्त," बाई म्हणाल्या.

"बारा मिनिटं एक्कावन्न सेकंद."

"ते सांगितलंस ते बरं केलंस," बाई म्हणाल्या आणि पळायला लागल्या.

बत्तीस किलोमीटरच्या सरावाला जिथे सोळा फेरे पुरत, तिथे आता सतरा लागू लागले. सतराव्या फेऱ्याला कुणाच्याच अंगात जोर नसायचा, म्हणून सगळे बरोबर, हळूहळू पळायचे आणि गप्पा तेव्हाच व्हायच्या. त्या फेऱ्यात पेंटरनं आपल्या मुलीच्या परीक्षेचं सांगितलं. काकांनी सांगितलं की पळायला लागायच्या आधी ते दुकानात दिवसभर बसून गिऱ्हाइकांच्या फक्त पायांशी बोलायचे. तराजूनं लिफ्टमधल्या बाईचं सांगितलं आणि तिघं एवढे हसले की त्याला वाटलं, हे आपण आधीच कुणाला तरी सांगायला हवं होतं.

चौदा आठवड्यांत बाई सोळा वीसवर आल्या. तक्ता म्हणाला, सहा तास एक मिनिट सेहेचाळीस सेकंद. अजून पावणेदोन मिनिटं जास्त. शर्यत दहा दिवसांवर आली होती.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत उपकरणांची वार्षिक तपासणी निघाली. साहेबांनी ते चाक दहा मीटरच्या पट्टीवरून स्वतः फिरवलं. आकडा आला नऊ पूर्णांक बावन्न. त्यांनी परत फिरवलं. नऊ पूर्णांक बावन्न.

"हे रबर कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"बुटाचं, सर."

"मूळची पट्टी दोन मिलिमीटरची असते. ही दहाची आहे. चाक मोठं झालं, वेढा पाच सेंटिमीटरनं वाढला. लेबल जुनं, रबर नवं. कुणी वापरलंय का हे?"

दुकानदारानं काट्याचा एक स्क्रू बदलला तरी तो काटा पुन्हा तपासायला बोलावत असे. आणि आपल्या चाकाला अख्खा सोल लावून त्यानं लेबलावर विश्वास ठेवला होता. फेरा दोन किलोमीटरचाच होता. पाटी बरोबर होती. आजोबा बरोबर होते. बाई तर केव्हाच सहा तासांच्या आत आल्या होत्या आणि तो त्यांना रोज सांगत होता, अजून नाही, अजून नाही.

संध्याकाळी तो थेट काकांच्या दुकानात गेला. पेंटर तिथेच बसला होता. तराजूनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, गुणाकारासकट, आणि शेवटी म्हणाला, "मी उद्यापासून येत नाही."

काका एका टाचेला खिळा मारत होते. तो मारून झाल्यावर म्हणाले, "सोल मी लावला. दहाचा आहे हे मला माहीत नसेल?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"आकडा पटला नाही म्हणून पेंटरला विचारलं. पाटी रंगवायच्या आधी त्यानं दोरीनं मोजलेलं होतं."

"पन्नास मीटरची दोरी," पेंटर म्हणाला. "चाळीस वेळा. दोन दिवस कंबर धरली होती."

"मग तू पाटी का बदललीस?"

"खडूच्या रंगात लिहिलंय. खाली ऑइल पेंट तसाच आहे. ओलं फडकं मारलं की झालं."

तराजू स्टुलावर बसला. "मला सांगितलं का नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तू पहिल्यांदाच कशाला तरी हसला होतास रे," काका म्हणाले. "म्हटलं, पाच टक्क्यांसाठी कशाला. आणि बाई बघ कशा पळायला लागल्या. पावणेदोन मिनिटं जास्त आहेत म्हणून पळतायत त्या. आता दहा दिवस तोंड बंद ठेव. आजोबांपुढेसुद्धा. त्यांचं पोट बघ केवढं उतरलंय."

चुकीचा आकडा दहा दिवस पोटात ठेवणं ही तराजूच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. बाई रोज विचारायच्या, "किती जास्त?" आणि तो बुटाच्या नाडीकडे बघत म्हणायचा, "थोडंच, बाई." पावणेदोन मिनिटांना त्यानं आयुष्यात पहिल्यांदा 'थोडंच' म्हटलं होतं.

शर्यतीत काका आणि पेंटर आपापल्या वेगानं पुढे गेले. तराजू बाईंच्या बरोबर राहिला. वेळ सांगायला म्हणून. तीस किलोमीटरपर्यंत त्यानं तो चोख सांगितला. पस्तिसाव्याला त्याच्या पोटरीत गोळा आला. छत्तिसाव्याला दुसऱ्या पोटरीत. सदतिसाव्याला तो रस्त्याच्या कडेला एक पाय धरून उभा होता आणि मागे वळणावर उचलगाडी दिसत होती.

"बाई, तुम्ही व्हा पुढे."

"चल."

"नाही होणार, बाई."

"गाडीत जागा आहे," बाई म्हणाल्या. "पण केळं सोलून देतात."

त्यांनी त्याचं मनगट धरलं, वर्गातून बाहेर काढायच्या मुलाचं धरावं तसं, आणि त्या पळू लागल्या. त्याला पळावंच लागलं. अडतिसाव्याचा खांब आला. तिथे बाईंनी मानही वळवली नाही. तराजूला मात्र राहवेना. "बाई, एक सांगायचंय. चाक चुकीचं होतं. फेरा दोनचाच आहे. तुम्ही कधीच्या सहाच्या आत आहात."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बोलू नकोस. श्वास घे."

शेवटच्या रेघेवरच्या घड्याळात पाच तास त्रेपन्न मिनिटं झाली होती. बाईंनी ती रेघ ताठ मानेनं ओलांडली आणि मगच त्याचं मनगट सोडलं. पलीकडे उभ्या पेंटरच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते घाम आहे असं तो न विचारताच सांगत होता. काका मात्र मोठ्यानं दिसेल त्याला सांगत होते, "एकसष्ट वर्षं वय. आणि बरोबर तो आमचा तराजू."

एका मुलीनं बाईंपुढे केळं धरलं. बाईंनी ते स्वतः सोललं, सावकाश, टोकापासून देठापर्यंत, आणि अर्धं तराजूला दिलं.

"तुम्हाला कसं कळलं, बाई?"

"शाळेचं मैदान चारशे मीटरचं. तिथला माझा वेग मला सहा वर्षं पाठ आहे. तुझं चाक आलं आणि माझे पाय एका रविवारात पाच टक्के म्हातारे झाले?"

"मग बोलला का नाहीत?"

"छत्तीस वर्षं शिकवलं. कोणता मुलगा उत्तर खोडून दिलं की दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, हे मला चेहऱ्यावरून कळतं. तुझं तुलाच सापडायला हवं होतं." त्यांनी पदक नीट छातीवर आणलं. "सांग आता, तुझ्या चाकानं आजची शर्यत किती भरली?"

पोटऱ्या पेटल्या होत्या, पण हे तराजूला थांबवता येण्यासारखं नव्हतं. "चाळीस किलोमीटर एकशे शहाऐंशी मीटर."

"म्हणजे राहिले किती?"

"दोन किलोमीटर. आणि नऊ मीटर."

"उद्या सहाला," बाई म्हणाल्या. "पदक घालून. माझ्या मुलांनी गणित अर्धवट सोडलेलं मला चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सहाला चौघं तळ्यावर जमले. चालत जमले म्हणणं धाडसाचं होईल. पेंटरनं पाटीवर ओलं फडकं मारलं आणि खालचा दोन जसाच्या तसा वर आला. आजोबा पहिल्या फेऱ्यासाठी जवळून चालले होते, तेवढ्यात तराजूनं त्यांना थांबवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

आजोबा गंभीरपणे ऐकत होते. "म्हणजे मी रोज एक फेरा जास्त चाललो?"

"एकशे बारा फेरे. तुमचे बावीस दिवस जमा आहेत, आजोबा."

"बावीस," आजोबा म्हणाले. ते शेजारच्या बाकावर बसले, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

चौघांनी फेरा सुरू केला. बाई पदक वाजवत दहा पावलं पुढे निघाल्या.

"तर मग तराजू," काका लंगडत म्हणाले, "दोन म्हणजे किती?"

"दोन म्हणजे दोन," तराजू म्हणाला. चार पावलं त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "वर पंचवीस सेंटिमीटर असतील. पण चला, बाई पुढे गेल्या."